पाच स्पीकर, दोन आवाज

होम थिएटरच्या रिसीव्हरच्या तोंडावर एक छोटी उजळ पट्टी असते. घरातली माणसं तिच्यावर एकच गोष्ट बघतात: आवाजाचा आकडा. तो मनासारखा झाला की रिमोट खाली ठेवून सिनेमा सुरू होतो. पण त्याच पट्टीच्या एका कोपऱ्यात आणखी काही अक्षरं उजळलेली असतात. कधी 'पीसीएम', कधी 'डॉल्बी डिजिटल' किंवा त्याची खूण, कधी 'डीटीएस'. होम थिएटरवर केलेला खर्च कामी येतोय की नाही, हे त्या अक्षरांवरून कळतं.

देहूरोड, विकासनगर, किवळे, निगडी या पट्ट्यात आता होम थिएटर ही नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. कुणी पिंपरी कॅम्पातून आणलेलं असतं, कुणी लोकलने पुण्याला जाऊन तपकीर गल्लीत घासाघीस करून. समोर तीन स्पीकर, मागे दोन, टीव्हीशेजारी जमिनीवर सबवूफर. सगळे वाजतात, म्हणून सराउंड साउंड चालू आहे असं घरातले धरून चालतात. मी अशा घरांत गेलो की आधी ती पट्टी वाचतो आणि बहुतेक ठिकाणी तिथे 'पीसीएम' असतं. म्हणजे टीव्हीकडून दोनच चॅनेल आलेले असतात आणि रिसीव्हर ते आपल्या अंदाजाने पाच ठिकाणी वाटून देत असतो. सिनेमा मिसळणाऱ्याने पाचही दिशांसाठी वेगळा आवाज बांधलेला असतो. तो घराच्या दारापर्यंत आलेला असतो आणि टीव्हीच्या एका सेटिंगपाशी अडकलेला असतो. हा दोष फुकटात दुरुस्त होतो, आणि म्हणूनच त्याबद्दल सविस्तर लिहावंसं वाटतं.

आवाजाची दिशा आपल्याला कशी कळते, तिथून सुरुवात करू. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी आकुर्डीच्या मुक्कामाला जाताना देहूरोडवरून जाते. त्या वेळी रस्त्याच्या कडेला डोळे मिटून उभं राहिलं तरी दिंडी कुठून आली, समोरून केव्हा गेली, कुठे निघाली हे बिनचूक सांगता येतं. डावीकडचा आवाज डाव्या कानावर आधी पडतो, उजव्या कानावर किंचित उशिरा. हा फरक जास्तीत जास्त सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दोन-तृतीयांशाइतका असतो, तरी मेंदू तो टिपतो. शिवाय डोकं मध्ये येत असल्यामुळे पलीकडच्या कानाला उंच पट्टीचा आवाज थोडा क्षीण ऐकू येतो. म्हणून टाळांची जागा नेमकी कळते. पखवाजाच्या धुमेचा घुमारा मात्र सगळीकडून आल्यासारखा वाटतो, कारण खालच्या पट्टीच्या लाटा कित्येक फूट लांब असतात आणि डोक्याला सहज वळसा घालून जातात. दिशेपुरतं बघितलं तर सबवूफर खोलीत बहुतेक कुठेही ठेवला तरी चालतो, तो याच कारणाने.

समोरचे दोन स्पीकर ही जादू अर्धीच करू शकतात. दोघांतून सारखाच आवाज आला तर तो मधून आल्याचा भास होतो, एकीकडे जास्त दिला तर तिकडे सरकतो. पण हा सगळा खेळ त्या दोन स्पीकरांच्या मधल्या जागेतच चालतो, आणि तोही दोघांच्या बरोबर मध्ये बसलेल्यासाठी. दिवाणाच्या टोकाला बसलेल्या आजीला सगळे संवाद जवळच्या स्पीकरमधूनच ऐकू येतात. त्यासाठी मधला, म्हणजे सेंटर स्पीकर लागतो. आणि मागून आवाज हवा तर मागे स्पीकर ठेवण्याला पर्याय नाही.

सिनेमाला हे कळायला फार वर्षं लागली नाहीत, परवडायला लागली. पुण्यात प्रभातच्या स्टुडिओत तयार झालेला 'संत तुकाराम' १९३६ चा. त्याचा आवाज एकाच ट्रॅकवर, म्हणजे मोनो. चारच वर्षांनी, १९४० मध्ये, डिस्नेने 'फँटेशिया'साठी प्रेक्षागृहात अनेक स्पीकर मांडले, पण ती यंत्रणा इतकी महाग होती की मोजक्याच थिएटरांत बसली. आपल्याकडे सर्वांच्या लक्षात राहिलेला टप्पा 'शोले'चा. १९७५ साली मुंबईच्या मिनर्व्हात तो ७० मिमीवर लागला. अशा प्रतींच्या कडेला चुंबकीय पट्ट्या असत आणि त्यांवर आवाजाचे सहा ट्रॅक. पुढे डॉल्बी स्टिरिओने चार चॅनेल गणिताने गुंफून दोन ट्रॅकमध्ये बसवले. हिंदीत ते तंत्र १९९४ च्या '१९४२: अ लव्ह स्टोरी'ने आणलं. तोवर अमेरिकेत आवाज डिजिटल झालाही होता. १९९२ च्या 'बॅटमॅन रिटर्न्स'मध्ये डॉल्बी डिजिटलचे ठिपके फिल्मच्या कडेच्या भोकांच्या मधल्या जागेत छापलेले होते. पुढच्याच वर्षी 'जुरासिक पार्क' डीटीएसमध्ये आला. त्यात आवाज वेगळ्या सीडीवर होता आणि फिल्मवर फक्त वेळेची खूण.

हेच दोन प्रकार डीव्हीडीबरोबर घरात आले. त्याआधी आपल्याकडे व्हीसीडीचं राज्य होतं, आणि व्हीसीडीवर मुळात दोनच चॅनेल असतात. तिला कितीही स्पीकर जोडले तरी मागचा आवाज तिच्यात नव्हताच.

आता ५.१ चा हिशोब. समोर डावा, उजवा आणि मधला, मागे डावा आणि उजवा, हे पाच पूर्ण चॅनेल. सहावा फक्त खालच्या धमाक्यांसाठी. त्यात साधारण १२० हर्ट्झच्या खालचंच काही असतं, म्हणून त्याला पूर्ण न मोजता '.१' म्हणतात. एका चॅनेलचा आवाज सेकंदाला ४८ हजार वेळा मोजायचा आणि प्रत्येक मोजमाप १६ बिटांत लिहायचं, तर दोन चॅनेलना सेकंदाला १५ लाख ३६ हजार बिट लागतात. सहा चॅनेलना सुमारे ४६ लाख. डीव्हीडीवर डॉल्बी डिजिटलला मिळतात जास्तीत जास्त ४ लाख ४८ हजार. दहा रुपयांचं काम एका रुपयात.

ते साधतं आपल्या कानांच्या एका मर्यादेमुळे. रुळांजवळ राहणाऱ्यांना ती रोजची आहे. लोणावळा लोकल स्टेशनात शिरते तेवढा वेळ भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत नाही. घड्याळ थांबलेलं नसतं. मोठ्या आवाजाने जवळच्या पट्टीतला लहान आवाज झाकलेला असतो. डॉल्बी डिजिटलचं सॉफ्टवेअर सेकंदाच्या एकतिसाव्या भागाएवढे तुकडे करून प्रत्येक तुकड्यात काय झाकलं जाणार आहे याचा अंदाज बांधतं आणि त्यावर बिट खर्च करत नाही. वाचलेले बिट जे ऐकू येणार आहे त्याला देतं. डीटीएस थोडा सढळ आहे. तो डीव्हीडीवर १५ लाख बिटांपर्यंत घेतो. त्यामुळे तो सरस की डॉल्बी, यावर दुकानांत तासन्‌तास वाद होतात. माझ्या मते हा वाद निरर्थक आहे. मूळ मिक्सिंग चांगलं असेल तर दोन्हीत चांगलंच ऐकू येतं, आणि घरातल्या खोलीचे दोष दोघांतल्या फरकाच्या कितीतरी पट मोठे असतात.

खरा प्रश्न हा दाबलेला आवाज रिसीव्हरपर्यंत तसाच न उलगडता पोचवण्याचा. त्याला बिटस्ट्रीम म्हणतात. ऑप्टिकल केबल ज्या जोडणीसाठी लागते ती तोशिबाने १९८३ मध्ये आणली, सीडी प्लेयरसाठी. तिच्यातून दोन चॅनेलचा सरळ आवाज जाईल एवढीच सोय होती. डॉल्बी डिजिटल इतका आटोपशीर असतो की तो त्या दोन चॅनेलच्या जागेत आरामात मावतो. डीटीएस जेमतेम मावतो. पण मावतो तो दाबलेल्या रूपातच. उलगडलेले सहा चॅनेल त्या केबलमधून जाऊच शकत नाहीत. म्हणजे टीव्हीने 'मीच उलगडून देतो' असं ठरवलं, तर त्याच्यापुढे एकच वाट उरते: सहाचे दोन करायचे.

आणि टीव्ही नेमकं तेच करतो. कारण उघड आहे. बिटस्ट्रीम न समजणाऱ्या साध्या अ‍ॅम्प्लिफायरला तो दिला तर त्यातून सिनेमाऐवजी कान फाटतील अशी खरखर येते, आणि गिऱ्हाईक टीव्ही बिघडला म्हणून तक्रार करतं. ते टाळण्यासाठी बऱ्याच टीव्ही आणि प्लेयरमध्ये कारखान्यातूनच आवाजाचं सेटिंग 'पीसीएम'वर ठेवलेलं असतं. पीसीएम म्हणजे उलगडलेला सरळ आवाज; टीव्हीतून तो दोन चॅनेलचा निघतो आणि कुठेही वाजतो. कंपनीच्या दृष्टीने हा सुरक्षित मार्ग आहे. ज्याच्याकडे रिसीव्हर आहे त्याचं मात्र त्यात सरळ नुकसान होतं.

सहाचे दोन करताना काय होतं तेही बघण्यासारखं आहे. मधला चॅनेल थोडा हळू करून डावीकडे आणि उजवीकडे दोन्हींत मिसळतात. मागचे दोन आपापल्या बाजूच्या पुढच्यात टाकतात. '.१' बहुतेक वेळा सोडूनच देतात. मग हे दोन चॅनेल रिसीव्हरकडे येतात आणि तो त्यांची पुन्हा पाच-सहांत फोड करायला बसतो. दोन्हींत सारखं असेल ते मधल्या स्पीकरला, दोन्हींत उलटसुलट असेल ते मागे, असा त्याचा आडाखा असतो. अंदाज वाईट नसतो. पण बाटलीत एकदा मिसळलेलं दूध आणि पाणी पुन्हा वेगळं करण्यासारखं ते काम आहे. पावसाच्या सरीतला एकच थेंब मागच्या उजव्या कोपऱ्यातल्या पत्र्यावर पडायला हवा होता. तो आता सगळीकडे थोडाथोडा पडतो.

घरातला रिसीव्हर अंदाज बांधतोय की खरंच सहा चॅनेल उलगडतोय, हे ओळखायची पट्टीखेरीज आणखी एक खूण आहे, आणि ती लोकांना उलटी वाटते. खऱ्या ५.१ मध्ये मागचे स्पीकर बराच वेळ गप्प असतात. दोन माणसं बंद खोलीत बोलत असतील तर मागून येणार तरी काय? मग दार उघडतं आणि रस्ता मागे जागा होतो. मागचे स्पीकर अखंड वाजत असतील, आणि समोर जे तेच मागेही ऐकू येत असेल, तर रिसीव्हर 'ऑल चॅनेल स्टिरिओ' किंवा तशाच एखाद्या मोडवर अडकला आहे असं समजा. दुकानात दाखवताना हाच मोड लावतात, कारण दणका जास्त वाटतो. घरी आणल्यावर तो तसाच वर्षानुवर्षं राहतो, आणि योग्य मोड लावला की घरचे म्हणतात, मागचे बंद पडले वाटतं.

दुरुस्ती करायची तर आवाज जिथून निघतो तिथून सुरुवात करावी. आधी सिनेमा. नेटफ्लिक्स, प्राइम व्हिडिओसारख्या अ‍ॅपमध्ये भाषा निवडायच्या यादीत पुष्कळदा भाषेपुढे '५.१' लिहिलेलं असतं, किंवा सिनेमाच्या माहितीत डॉल्बीची खूण असते. एकाच सिनेमात एका भाषेचा ट्रॅक ५.१ आणि दुसरीचा साधा, असंही असतं. यूट्यूबवरचं बहुतेक सगळं दोन चॅनेलचं आहे. तिथून तपासणी करू नये, उगाच घरातल्या वायरींवर संशय येतो.

मग टीव्ही. आवाजाच्या मेनूत आधी टीव्हीचे स्वतःचे स्पीकर सोडून बाहेरची ऑडिओ सिस्टीम निवडायची. त्याच मेनूत, कधी 'अ‍ॅडव्हान्स्ड' किंवा 'एक्सपर्ट' या नावाच्या आतल्या पानावर, 'डिजिटल ऑडिओ आउट' किंवा 'डिजिटल साउंड आउटपुट' अशी ओळ सापडते. तिथे 'पीसीएम'च्या जागी 'ऑटो', 'बिटस्ट्रीम' किंवा 'पासथ्रू' करायचं. सेट-टॉप बॉक्स, डीव्हीडी किंवा ब्लू-रे प्लेयर वेगळा असेल तर त्याच्याही मेनूत अशीच ओळ असते आणि तीही बदलावी लागते. साखळीतली एक जरी कडी 'पीसीएम' राहिली तरी पुढच्या सगळ्यांना दोनच चॅनेल मिळतात. बदल केला की सिनेमा एकदा बंद करून पुन्हा लावा आणि पट्टी बघा. 'डॉल्बी डिजिटल' उजळलं, की ज्या घरात मी हे केलंय तिथे पुढची दहा मिनिटं कुणी बोलत नाही.

केबलबद्दल थोडं. लाल-पांढऱ्या पिनांच्या वायरने दोनच चॅनेल जातात, सेटिंग काहीही करा. ब्लूटूथनेही तेच. फोनवरून पाठवलेला सिनेमा पाच स्पीकरांत दोनच चॅनेलचा असतो. ऑप्टिकलने डॉल्बी डिजिटल आणि डीटीएस जातात. एचडीएमआय सगळ्यांत सोयीची, पण ती टीव्हीच्या ज्या भोकापाशी 'एआरसी' किंवा 'ईएआरसी' लिहिलंय त्यालाच लावायची. एआरसी म्हणजे टीव्हीकडून रिसीव्हरकडे आवाज उलट पाठवायची सोय, २००९ च्या एचडीएमआय १.४ पासून आलेली. शेजारच्या दुसऱ्या भोकात लावली की चित्राची सगळी कामं होतात आणि आवाज मात्र परत येत नाही, आणि वायर खराब म्हणून नवी आणली जाते. ईएआरसी त्यानंतरची, कितीतरी रुंद वाट आहे. ब्लू-रेवरचे डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ हे काहीही न गमावता साठवलेले प्रकार टीव्हीतून पुढे न्यायचे तर तीच लागते. मात्र ओटीटीवर तसे प्रकार येतच नाहीत. तिथे डॉल्बी डिजिटल प्लस असतो आणि तो बऱ्याच टीव्ही-रिसीव्हर जोड्यांत साध्या एआरसीवरूनही जातो.

यातून एक चांगली गोष्ट निघते. कुणाच्या माळ्यावर वीस वर्षांपूर्वीचा, एचडीएमआय नसलेला रिसीव्हर पडला असेल, तर तो भंगारात घालू नका. डॉल्बी डिजिटल प्लसची रचनाच अशी आहे की त्याचं जुन्या डॉल्बी डिजिटलमध्ये सहज रूपांतर होतं, आणि पुष्कळ टीव्ही ऑप्टिकल भोकातून ते करून देतात. म्हणजे आजच्या ओटीटीवरचा सिनेमा त्या जुन्या यंत्रावर खऱ्या ५.१ मध्ये वाजू शकतो. मागच्या बाजूला 'ऑप्टिकल' लिहिलेलं चौकोनी भोक आणि पुढे डॉल्बी डिजिटलची खूण, एवढं बघायचं. ते भोक काळ्या रबरी टोपणाने किंवा झडपेने झाकलेलं असतं, त्यामुळे नजरेतून सुटतं.

लॅपटॉपवरून सिनेमा लावणाऱ्यांची अडचण थोडी वेगळी. संगणक सगळ्या आवाजांची आधी स्वतः भेळ करतो: सिनेमा, ईमेलची टिंग, बॅटरीची सूचना. बिटस्ट्रीममध्ये असं काही मिसळता येत नाही, कारण तो आवाज नसून आवाजाची गाठोडी असतात. म्हणून व्हीएलसी किंवा कोडीसारख्या प्लेयरच्या सेटिंगमध्ये 'पासथ्रू' वेगळं चालू करावं लागतं. तसं झालं की संगणकाचं आवाज कमी-जास्त करायचं बटण निरुपयोगी होतं आणि सगळं नियंत्रण रिसीव्हरकडे जातं. ते बटण चालेनासं झालं, तर काम बरोबर झालं आहे. एचडीएमआयने जोडलं असेल तर दुसरा मार्गही आहे. संगणकालाच ५.१ उलगडू द्यावं आणि सहा चॅनेलचा पीसीएम पाठवावा. तेवढी जागा एचडीएमआयमध्ये आहे. रिसीव्हरच्या पट्टीवर तेव्हा 'मल्टी चॅनेल' किंवा 'मल्टी पीसीएम' अशी अक्षरं येतात. ऐकायला दोन्ही सारखेच.

आवाज रिसीव्हरपर्यंत नीट आला की उरते खोली. देहूरोडच्या घरांत ती पुष्कळदा दहा बाय बाराची. समोरासमोरच्या भिंतींत दहा फूट अंतर असलं की सुमारे ५६ हर्ट्झचा सूर त्यांच्यामध्ये अडकून घुमत राहतो. बारा फुटांना सुमारे ४७. छतही दहा फुटांवर असेल तर ५६ चा घुमारा दुप्पट. म्हणून कोपऱ्यात ठेवलेला सबवूफर एकाच सुरात 'घूं घूं' करतो आणि ढोल, स्फोट, ट्रक सगळं एकसारखं वाजतं. यावर एक साधा उपाय आहे, तो दिसायला विचित्र आहे पण खात्रीचा. सबवूफर तुमच्या बसायच्या जागेवर ठेवा, खालच्या पट्टीचं गाणं लावा आणि भिंतीकडेने गुडघ्यांवर रांगत फिरा. जिथे ढोल स्वच्छ, वेगळावेगळा ऐकू येईल तिथे सबवूफरची जागा.

बाकीच्यांच्या जागा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने ठरवून दिल्या आहेत. बसायच्या जागेवरून बघता समोरचे दोन मधल्या रेषेपासून ३० अंशांवर, मागचे दोन १०० ते १२० अंशांवर. म्हणजे मागचे स्पीकर खरं तर बाजूला, जरासे मागे असतात. आपल्याकडे दिवाण मागच्या भिंतीला टेकलेला असतो, तेव्हा त्यांना डोक्यामागे खिळवण्यापेक्षा दोन्ही बाजूच्या भिंतींवर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या वर फूट-दोन फुटांवर लावणं उत्तम.

अंतराचं सेटिंग मात्र कुणी वगळू नये. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एक मीटरला तीन हजारांश सेकंद. समोरचा स्पीकर अडीच मीटरवर आणि बाजूचा सव्वा मीटरवर असेल तर बाजूचा जवळपास चार हजारांश सेकंद आधी पोचतो, आणि जो आधी पोचतो त्याच दिशेने आवाज आला असं मेंदू ठरवतो. रिसीव्हरला अंतरं सांगितली की तो जवळच्या स्पीकरला तेवढं थांबवून ठेवतो. बहुतेक रिसीव्हरबरोबर छोटा माइक येतो. तो बसायच्या जागी, कानाच्या उंचीवर ठेवला की यंत्र प्रत्येक स्पीकरमधून एकेक आवाज सोडून अंतर आणि जोर स्वतः मोजतं. हे काम पंखा, कूलर, मिक्सर बंद करून आणि दोन गाड्यांच्या मधल्या शांत वेळात करावं. मोजणी चालू असताना मालगाडी गेली तर खालच्या पट्टीचं गणित चुकतं, आणि ती चूक कुणाच्या लक्षातही न येता कायम राहते.

संवाद ऐकू येत नाहीत आणि मारामारी सुरू झाली की शेजारी भिंत ठोठावतात, ही तक्रार सगळ्यांची. त्यात रिसीव्हरचा दोष नाही. सिनेमा अशा थिएटरसाठी मिसळतात जिथे एकेका चॅनेलला १०५ डेसिबलपर्यंत उसळी घ्यायची मुभा असते आणि बाहेरचा आवाज आत येत नाही. आपल्या घरात जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचे ट्रक आत येतात, हळू बोललेलं त्यांच्याखाली दबतं. त्यासाठी सेंटर स्पीकरचा जोर दोन-तीन डेसिबल वाढवावा आणि रात्री 'नाइट मोड' किंवा 'डायनॅमिक रेंज' हे सेटिंग लावावं. डॉल्बी डिजिटलच्या बिटांतच कुठे किती आवाज आवळायचा याच्या सूचना लिहिलेल्या असतात, रिसीव्हर त्या पाळतो. सेंटर स्पीकर मात्र शोकेसच्या आत, बाहुल्यांच्या मागे नको.

जुने मराठी सिनेमे लावताना मात्र पाच स्पीकरांचा आग्रह सोडावा. सत्तर-ऐंशीच्या दशकांतले बहुतेक मराठी सिनेमे मोनो आहेत. त्यांना पाच स्पीकरांत पसरवलं की संवाद पोकळ होतात. 'संत तुकाराम' एका सेंटर स्पीकरमधून, किंवा सरळ स्टिरिओ मोडवर ऐकावा. 'सैराट'ची गोष्ट वेगळी. त्याच्या संगीतासाठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर सिम्फनी वाद्यवृंद घेतला होता. इतक्या लोकांनी, इतक्या मोठ्या दालनात वाजवलेलं संगीत टीव्हीच्या पाठीमागच्या दोन इंची स्पीकरांतून ऐकणं म्हणजे त्यांच्या मेहनतीवर अन्याय आहे. या कामातली कितीतरी माणसं आपल्यापासून लोकलच्या अंतरावर शिकली. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ध्वनीचा अभ्यासक्रम आहे, आणि २००९ साली 'स्लमडॉग मिलेनियर'च्या ध्वनिमिश्रणासाठी ऑस्कर मिळवणारे रेसुल पूकुट्टी तिथलेच विद्यार्थी.

नवीन घ्यायचं असेल तर खोक्यावरच्या 'पीएमपीओ' वॉटच्या हजारोंच्या आकड्यांकडे अजिबात लक्ष देऊ नका. त्या आकड्याला कुठलंही ठरलेलं माप नाही. 'आरएमएस' वॉट किती ते विचारा. स्वस्तातल्या कितीतरी '५.१' संचांत डॉल्बी उलगडणारा भागच नसतो. फक्त ब्लूटूथ, पेन ड्राइव्ह आणि ऑक्स असतं, आणि मागचे दोन स्पीकर पुढच्यांचीच नक्कल करतात. डॉल्बी डिजिटलची खूण आणि ऑप्टिकल किंवा एचडीएमआय एआरसी नसलेला संच पाच स्पीकरांचा स्टिरिओ आहे असं समजून किंमत करा. आणि रिसीव्हर लावल्यावर 'हूं' असा सतत आवाज आला तर तो बहुतेक केबल टीव्हीच्या वायरीतून आलेला असतो. ती वायर क्षणभर काढून पाहा, आणि घरातल्या अर्थिंगची तपासणी वायरमनकडून करून घ्या.

राहता राहिला डॉल्बी अ‍ॅटमॉस. २०१२ मध्ये पिक्सरच्या 'ब्रेव्ह'पासून तो थिएटरांत आला, दोन वर्षांनी घरात. त्यात आवाज चॅनेलला न बांधता त्याची खोलीतली जागा लिहिलेली असते, उंचीसकट, आणि रिसीव्हर आपल्याकडच्या स्पीकरांप्रमाणे तो वाटतो. छतावर स्पीकर लावता येत नसतील तर छताकडे तोंड केलेले स्पीकर येतात. त्यांचा आवाज छतावरून उलटून खाली येतो, आणि त्यासाठी छत सपाट आणि टणक लागतं. जुन्या बैठ्या घरांच्या उतरत्या कौलांखाली किंवा पत्र्याखाली ते काम होत नाही. स्लॅबचं छत असेल आणि पैसे असतील तर जरूर घ्यावा. पण दहा बाय बाराच्या खोलीत, पाच बरे स्पीकर, नीट मोजलेली अंतरं आणि पट्टीवर 'डॉल्बी डिजिटल' उजळलेलं असेल, तर साधा ५.१ पुरतो. अ‍ॅटमॉसच्या जास्तीच्या पैशांत आधी चांगला सेंटर स्पीकर घ्या.